विमानाची लांबी

गेल्या दिवाळीच्या आधी आम्ही माळा आवरायला काढला. माळ्यावरून काय काय निघाले त्याची यादी दिली तर वाचकांना आपल्याच घरची यादी वाचतो आहोत असे वाटेल. कल्हई उडालेली दोन पातेली, बुडाला भोक पडलेला तांब्याचा बंब, माझ्या एम.ए.च्या टिपणांचे गाठोडे, एक मोडका आकाशकंदील आणि एक लांबट खोका. खोक्याच्या झाकणावर निळ्या आभाळातून चाललेल्या विमानाचे चित्र होते. आभाळ शाबूत होते. विमान मात्र कसरीने अर्धेअधिक खाल्ले होते.

"हे तरी टाकायचं ना?" सौभाग्यवतींनी विचारले आणि खोका जरा हलवून पाहिला. आत प्लॅस्टिकचे तुकडे खुळखुळले.

बाहेरच्या खोलीतून मामांचा आवाज आला, "ते विमान काय रे?"

मामांना आता नीट दिसत नाही. डोळ्याच्या पडद्याचा नेमका मधला भाग झिजला आहे, त्यामुळे समोर पाहिले की मध्ये धुके आणि कडेकडेने जग. पण तीस वर्षांहून अधिक काळ माळ्यावर पडलेला खोका त्यांनी केवळ आवाजावरून ओळखला.

मामा इंडियन एअरलाइन्समध्ये सांताक्रूझला तंत्रज्ञ होते. १९८९ साली त्या कंपनीकडे एअरबस ए-३२० ही नवी कोरी विमाने आली, तेव्हापासून २००४ साली निवृत्त होईपर्यंत त्यांनी दुसऱ्या जातीच्या विमानाला म्हणून हात लावला नाही. १९९२ च्या मे महिन्यात ते रत्नागिरीला आले ते हा खोका घेऊन. मी तेव्हा शाळेत होतो. त्या काळी आमच्याकडे खेळणे म्हणजे सावंतवाडीची लाकडी फळे आणि गाडी. हे विमान खरे तर खेळणेच नव्हते. प्लॅस्टिकच्या चौकटींना चिकटलेले त्याचे सुटे भाग असतात. ते कापून, घासून, डिंकासारख्या एका द्रवाने जोडायचे, वरून रंगवायचे, की खऱ्या विमानाची हुबेहूब प्रतिकृती तयार. प्रमाण एकास एकशे चव्वेचाळीस.

आम्ही दोघे ओसरीवर खोका उघडून बसलो होतो तेवढ्यात आमचे नाना आले. त्यांनी चष्मा वर सरकवून पाहिले आणि सहज विचारले, "बंगळूरला पडलं ते हेच ना रे?"

मामा काही बोलले नाहीत. त्यांनी चाकांची चौकट उचलून मोजदाद केली आणि मला म्हणाले, "हे आमचं नव्हे. ह्याला एकेका पायाला दोन-दोन चाकं आहेत. आमच्या विमानाला चार-चार. मी तशी चाकं करून आणतो, मग जोडू." खोका बंद झाला तो झालाच.

चाकांची गोष्ट खरी होती. जगभरच्या ए-३२० विमानांना पंखाखालच्या प्रत्येक पायाला दोन चाके असतात. पण इंडियन एअरलाइन्सने आपल्या कमी मजबूत धावपट्ट्यांचा विचार करून ओझे जास्त चाकांवर वाटले जावे म्हणून चार-चार चाकांची खास मागणी केली होती. मुंबईच्या विमानतळावर नुसती चाके पाहून हे आपले विमान, असे सांगता येई. त्यामुळे मामांनी चाकांचे निमित्त सांगितले ते मला तेव्हा पटले. निमित्त होते हे कळायला मला पंचेचाळिशी गाठावी लागली.

मामी गेल्यावर मामा पार्ल्याची जागा मुलाच्या हवाली करून आमच्याकडे नाचणे रस्त्याला राहायला आले. तर त्या दिवशी त्यांनी खोका मांडीवर घेतला. भाग एकेक करून बोटांनी चाचपले. विमानाच्या धडाचे दोन उभे अर्धे होते, ते एकमेकांवर ठेवून पाहिले आणि म्हणाले,

"ह्याचं एकवीस करू या."

आता वाचकांना सांगायला हवे की एकवीस म्हणजे ए-३२१. ए-३२० चीच ही लांब बहीण. मामा निवृत्त झाल्यावर दोन-तीन वर्षांनी ती आपल्याकडे आली. सरकारने त्या सुमारास ४३ नव्या एअरबस घेतल्या, त्यांत वीस ए-३२१ होत्या. मामांनी पंधरा वर्षे धाकटीच्या पोटात रांगत काढली, पण थोरलीला हात लावायचे राहून गेले. ते राहिले याची रुखरुख मनात होती, हे आम्हा कुणालाच ठाऊक नव्हते.

मी म्हणालो, "मामा, ए-३२१ चा तयार संच बाजारात मिळतो. चार दिवसांत घरी येईल."

"मिळत असेल. पण कारखान्यानं तरी वेगळं काय केलं? हेच विमान घेतलं, मध्ये दोन कडी घातली. ती मला घालून बघायची आहेत." मग जरा थांबून म्हणाले, "डॉक्टर म्हणतात, पुढल्या वर्षी कडेचंही दिसेल की नाही सांगता येत नाही."

यानंतर वाद घालण्यासारखे काही उरले नाही.

* * *

विमान लांब करायची ही युक्ती तशी जुनी आहे. नवे विमान मुळापासून तयार करायचे म्हणजे पैशांचा आणि वर्षांचा अफाट खर्च. त्यापेक्षा चाललेल्या विमानाचे नाक, पंख आणि शेपूट तसेच ठेवून मधली नळी वाढवली तर प्रवासी वाढतात आणि वैमानिकालाही सगळे नव्याने शिकावे लागत नाही. लॉकहीड कंपनीने तर १९५० साली कमालच केली. आपले अगदी पहिले कॉन्स्टेलेशन विमान तिने हॉवर्ड ह्यूजकडून परत विकत घेतले, ते कापले, त्यात सुमारे अठरा फुटांची भर घातली आणि त्याचेच सुपर कॉन्स्टेलेशन केले. पुढे त्या जातीची विमाने १९५४ मध्ये एअर इंडिया इंटरनॅशनलकडे आली. त्यांतल्या एकाचे नाव 'रानी ऑफ झाँसी'.

पण कोणतेही विमान हवे तेवढे लांबत नाही. एअर इंडियाने १९६० पासून उडवलेले बोइंग ७०७ घ्या. त्याचे पाय आखूड. फार लांब केले तर उड्डाणाच्या वेळी नाक वर उचलताना शेपूट धावपट्टीला घासणार. त्याच्या स्पर्धेतल्या डीसी-८ चे पाय उंच होते, म्हणून ते १९६६ साली एका दमात ३६ फूट ८ इंच वाढवता आले. आपल्याकडे मुलाचे कपडे वाढत्या अंगाचे शिवतात ना, तसे काहीसे डीसी-८ चे झाले. बोइंग मात्र बेतून शिवलेले.

ए-३२० हे वाढत्या अंगाचे निघाले. त्याचे पहिले उड्डाण १९८७ चे, ए-३२१ चे मार्च १९९३ चे. पहिल्याची लांबी ३७.५७ मीटर, दुसऱ्याची ४४.५१. फरक ६.९४ मीटरचा. पण ही भर एकाच जागी घातलेली नाही. पंखांच्या पुढे ४.२७ मीटरचे एक कडे आणि पंखांच्या मागे २.६७ मीटरचे दुसरे. विमान पंखांवर तोललेले असते. सगळी भर एकीकडे घातली तर तराजूचे एक पारडे जड व्हायचे. मागचे कडे आखूड का, हे मी मामांना विचारले. त्यांनी आपली काठी टेबलाच्या कडेवर तोलून धरली, तिचे एक टोक वर उचलले आणि दुसरे खाली कुठे लागते ते मला दाखवले. शेपटीचा प्रश्न इथेही होताच.

"आणि नुसतं लांब करून भागत नाही," मामा म्हणाले. "लांब केलं की वजन वाढतं. वजन वाढलं की पाय दणकट हवेत, ब्रेक मोठे हवेत, पंखाच्या मागचे फ्लॅप दुहेरी हवेत. माणसं वाढली की पळायला दारं वाढवायला हवीत. पंखावरच्या त्या छोट्या खिडक्यांतून एवढी माणसं कशी बाहेर पडणार? त्या बंद केल्या आणि पंखाच्या पुढं-मागं मोठी दारं दिली."

मी मराठीचा मास्तर. मला यात आमचे व्याकरण दिसू लागले. संस्कृत वैयाकरण सांगतात की शब्दात मध्येच एखादा वर्ण येऊन बसतो तो आगम. तो मित्रासारखा येतो, कुणाला उठवत नाही. आदेश मात्र शत्रूसारखा येतो आणि दुसऱ्याला उठवून त्याच्या जागी बसतो. तेव्हा ही दोन कडी म्हणजे आगम आणि पंखावरच्या खिडक्यांच्या बदली आलेली दारे म्हणजे आदेश. हा शोध मी मोठ्या उत्साहाने मामांना सांगितला. ते म्हणाले, "बरं. मिलिमीटरात किती होतं ते सांग."

तो हिशेब आमच्या नववीतल्या कन्येने केला. पुढचे कडे जेमतेम ३० मिलिमीटर, मागचे साडेअठरा. सव्वीस सेंटिमीटरचे विमान एकतीसच्या जवळ जाणार. तिने आणखी एक गोष्ट शोधून काढली. विमानाच्या आतल्या फासळ्या सुमारे ५३ सेंटिमीटरांवर एकेक असतात. त्या मापाने पुढच्या कड्यात बरोबर आठ फासळ्या बसतात आणि मागच्यात पाच. म्हणजे साडेचार-पाच मीटर असे मनास येईल तसे विमान वाढवता येत नाही. फासळ्या मोजूनच वाढवायचे. मामा खूश झाले. "नुसता आकडा नको, तो कुठून आला ते ह्या पोरीला कळतं," असे त्यांनी दोन-तीनदा मला ऐकवले.

* * *

कापायचा दिवस मी दोनदा पुढे ढकलला. एकदा पेपर तपासायचे आहेत म्हणून आणि एकदा पाऊस आहे म्हणून. दिवाळी उलटून गेल्यावर पाऊस कुठला! खरी गोष्ट अशी की तो खोका एकच होता आणि मामांनी आणलेला होता. तयार विमान बिघडले तर दुसरे आणता येते. हे बिघडले तर काय आणणार?

पद्धत मामांनी सांगितली. धडाचे दोन्ही अर्धे आधी जोडायचे. दोन दिवस वाळू द्यायचे. मग कापायच्या जागी कागदाची सरळ पट्टी भोवताली गुंडाळायची. पट्टीची दोन टोके एकमेकांवर तंतोतंत आली तर रेषा काटकोनात आहे असे समजायचे. त्या पट्टीच्या कडेने करवत फिरवायची. करवत म्हणजे आपली नेहमीची नव्हे. तिचे दातच या प्लॅस्टिकपेक्षा जाड. राम आळीतल्या एका कारागिराकडून दागिने कापायची, केसासारख्या पात्याची करवत मी मागून आणली. विमान कापायचे आहे म्हटल्यावर त्याने पाती मोजून दिली आणि तुटली तर भरून द्या म्हणाला.

पुढचा काप मामांनी विमान धरून माझ्याकडून करवून घेतला. "ढकलू नकोस. करवतीला आपली आपण जाऊ दे. आता फिरव. अजून." पाते डावीकडे झुकले की त्यांना डोळ्यांनी दिसत नसे, पण हातातल्या थरथरीवरून कळे. वीस मिनिटांत नाक धडापासून अलग झाले. कापलेला काठ मामांनी ओठांवरून फिरवून पाहिला. बोटांपेक्षा ओठांना जास्त कळते म्हणे. "उत्तम," ते म्हणाले.

मागचा काप मी दुसऱ्या दिवशी एकट्याने केला. मामा दुपारचे झोपले होते आणि मला वाटले, आता आले की आपल्याला.

कडी करायची म्हणजे नळी हवी. खऱ्या विमानाची नळी ३.९५ मीटर रुंद. आमच्या मापाने साडेसत्तावीस मिलिमीटरांच्या आत. घराच्या भिंतीत विजेच्या तारा ज्यातून नेतात तो पंचवीस मिलिमीटरचा पांढरा पाइप विमानाच्या पोटात अगदी हलक्या हाताने सरकला. जणू दोघांचे माप एकाच शिंप्याने घेतले होते. तो पाइप म्हणजे आतला कणा. त्यावर प्लॅस्टिकचा अर्ध्या मिलिमीटरचा पातळ पत्रा गुंडाळून, दोऱ्याने करकचून बांधून, उकळत्या पाण्यात बुडवला की पत्रा तोच बाक धरतो. या कामासाठी चहाचे पातेले वापरल्याबद्दल घरात जे ऐकावे लागले ते दिवाळी अंकात छापण्यासारखे नाही. असे दोन थर दिले. पण मामांनी हात फिरवून सांगितले, "बाजूंना बसलं. वर-खाली खोल आहे." मोजले तर खरेच. ही नळी बाहेरून गोल दिसते, पण ती रुंदीपेक्षा उंचीला थोडी जास्त असते, ४.१४ मीटर. वर आणि खाली आणखी एकेक पट्टी डकवावी लागली.

मग उरल्या भेगा. त्या बुजवायला मामा म्हणाले, लांबी आण. रंगारी लोक लाकडातल्या किंवा पत्र्यातल्या फटी भरायला जो लगदा वापरतात त्याला लांबी म्हणतात, हे मला माहीत होते. पण लांबी वाढवण्यासाठी लांबी भरायची, हा योग माझ्या आयुष्यात प्रथमच येत होता. साळवी स्टॉपजवळच्या एका गॅरेजात गेलो आणि मोटारीच्या पत्र्याला भरतात ती लांबी मागितली.

"केवढी हवी?"

माझ्या डोक्यात तीन आठवडे एकच आकडा घोळत होता. मी म्हणालो, "अठ्ठेचाळीस मिलिमीटर."

त्या भल्या माणसाने माझ्याकडे पाहिले, मग माझ्या स्कूटरकडे पाहिले आणि विचारले, "सर, डब्यात देऊ की ट्यूबमध्ये?"

* * *

लांबी भरायची, रात्रभर वाळवायची, सकाळी पाणी लावून पॉलिश पेपरने घासायची, पुन्हा भरायची. महिनाभर आमचा हा परिपाठ चालला. संध्याकाळी मी घासत बसे आणि मामा शेजारी. मला सांधा गुळगुळीत वाटला की मी विमान त्यांच्या हाती देई. ते अंगठ्याचे नख सांध्यावरून आडवे ओढत. नख अडले की "नाही." मी पुन्हा घासायला घेई. विद्यार्थ्यांच्या निबंधांवर मी इतकी वर्षे 'पुन्हा लिहा' असा शेरा मारत आलो. तो वाचताना त्यांना काय होत असेल याची थोडी कल्पना आली.

अशाच एका संध्याकाळी मामा आपणहून बोलू लागले. १४ फेब्रुवारी १९९० रोजी मुंबईहून निघालेले ए-३२० बंगळूरला धावपट्टीच्या अलीकडेच कोसळले. ९२ माणसे गेली. विमान जेमतेम दोन-तीन महिने वापरलेले. सरकारने त्या जातीची सगळी विमाने जमिनीवर उतरवली आणि काही महिने ती जागच्या जागी उभी होती. चौकशीत पुढे वैमानिकांच्या चुकीवर बोट ठेवले गेले. पण तोवर जो तो विमानालाच बोल लावी.

"उभ्या विमानाला काम जास्त असतं," मामा म्हणाले. "एका जागी उभं राहिलं की टायर चपटे होतात. मग चाकं थोडी-थोडी फिरवायची. इंजिनांची तोंडं झाकायची, उघडायची, चालवून बघायची, पुन्हा झाकायची. उडायचं कुणीच नव्हतं, तरी रोज जायचो. लोकलमध्ये कुणी विचारलं कुठे असता, तर मी नुसतं सांताक्रूझ सांगायचो."

मी घासत राहिलो. बंगळूरला पडलं ते हेच ना रे, हे नानांचे शब्द मला ओसरीसकट आठवले. नानांच्या मनात काही नव्हते. त्यांनी पेपरात वाचले होते, तेच विचारले. आणि मामा तो खोका भाच्याला दाखवायला एवढ्या लांब घेऊन आले होते ते कशासाठी, हे त्या ओसरीवर कुणालाच कळले नव्हते.

"तू त्या दिवशी रडला होतास," मामा म्हणाले.

"मी? कधी?"

"खोका बंद केला तेव्हा. न्हाणीघरात जाऊन."

मला हे अजिबात आठवत नाही.

* * *

आता माझ्या अपराधाकडे येतो. दोन्ही सांधे झाले, पंख लावले, शेपटीचे आडवे पंख लावले. विमान टेबलावर ठेवून मी लांबून पाहिले तर काहीतरी खटकले. कन्येने मोजपट्टी घेतली. शेपूट वर उचललेले होते. थोडेसेच, दीड-दोन मिलिमीटर. पण एकदा दिसल्यावर दुसरे काही दिसेना. कारणही सापडले. पंखाखाली विमानाच्या पोटाला एक फुगवटा असतो. मागचा काप घेताना माझी कागदाची पट्टी त्या फुगवट्यावर चढली होती. टोके जुळली म्हणून मी निर्धास्त होतो. पण पट्टीच तिरकी बसली असेल तर टोके जुळून काय उपयोग? मामा त्या दुपारी जागे असते तर पट्टीवरून एक बोट फिरवून त्यांनी मला थांबवले असते.

मी कन्येला हळूच म्हणालो, "वरून थोडी लांबी चढवली तर पाठ सरळ दिसेल. आजोबांना कळायचं नाही." तिने माझ्याकडे असे पाहिले की मी ते वाक्य परत घेतले. तरीसुद्धा मी रात्री वरच्या बाजूला पातळ थर चढवला. सकाळी घासला. पाठ खरोखरच सरळ दिसू लागली. आजवर कुणाला सांगितले नाही ते इथे सांगतो, मला फार बरे वाटले.

मामांनी विमान घेतले. नखाने सांधा पाहिला. नख अडले नाही. मग त्यांनी अंगठा पाठीवर आणि तर्जनी पोटावर ठेवून दोन्ही बोटे एकदम नाकाकडून शेपटीकडे नेली. मागच्या सांध्यापाशी अंगठा पुढे गेला आणि तर्जनी थबकली.

"काप वाकडा आहे," ते म्हणाले.

"हो."

"आणि तू वर लांबी भरलीस."

"हो."

"लांबी भेगेत भरतात रे. चुकीत नाही." आवाज चढला नव्हता. "आत बसलेली माणसं ह्या नळीच्या भरवशावर बसतात. बाहेरून सरळ दिसली म्हणून ती सरळ होत नाही. काप."

"तुटेल मामा. आत पाइप चिकटवलेला आहे."

"तुटला तर तुटला. मी आहे ना."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. त्यांनी विमान दोन्ही हातांत धरले, कन्येने पट्टी या वेळी फुगवट्याच्या मागे सरकवून गुंडाळली आणि मी करवत घेतली. पाइपमुळे दोन पाती तुटली. ती भरून दिली. कड्याची मागची कड तिरकी होती तेवढी घासून सरळ केली, त्यात दीड मिलिमीटर गेला, तो पत्र्याच्या तीन पातळ चकत्या घालून भरून काढला. मामांचे हात थरथरतात, एरवी चहाचा कपही दोन्ही हातांनी धरावा लागतो. पण करवत चालू असताना ते हात एकदाही हलले नाहीत. ते कसे, मला सांगता येणार नाही.

* * *

रंगाची गोष्ट थोडक्यात सांगतो. खोक्यातली परदेशी कंपनीची चित्रे पिवळी पडून पाण्यात विरून गेली होती, तेव्हा रंग आमच्या मनाचा. मामांना शेपूट नारिंगी हवे होते, जुन्या इंडियन एअरलाइन्सचे. कन्या म्हणाली, ए-३२१ आली तेव्हा तो जुना रंग गेलेला होता. २००५ मध्येच कंपनीने नाव नुसते 'इंडियन' करून शेपटीवर कोणार्कचे चक्र घेतले होते. मग २००७ मध्ये ती एअर इंडियात विलीन झाली. म्हणजे नारिंगी शेपटीची जुनी ए-३२१ कधी नव्हतीच. मामांनी ऐकून घेतले. "बरोबर आहे तुझं," म्हणाले, "पण शेपूट नारिंगी कर." शेपूट नारिंगी झाले. नाव मात्र कुठलेच लिहिले नाही, हा तिच्यापुरता मान. खिडक्यांची भोके आम्ही आधीच बुजवली होती. तिने काळ्या पेनाने, ३.७ मिलिमीटरांवर एक, अशा नव्या खिडक्या काढल्या. दोन्ही बाजू मिळून चार संध्याकाळी लागल्या.

शेवटी चाके. पुढच्या नाजूक पायाची दोन, मागच्या प्रत्येक पायाला दोन. मी विचारले, "मामा, चार-चार करू या का? वेताच्या काठीच्या चकत्या काढून होतील."

त्यांनी थोडा वेळ विचार केला. "नको. एकवीसला दोनच असतात." मग म्हणाले, "ती चार आमच्या विसाची. तिच्यासारखी तीच."

विमान पुरे झाले तेव्हा आमच्या लक्षात आले की दिवाणखान्यातल्या शोकेसचा कप्पा तीस सेंटिमीटरांचा आहे. जुने ए-३२० आरामात मावले असते. हे एक सेंटिमीटरने बाहेर राहते आणि काच सरकत नाही. म्हणून ते मामांच्या कॉटजवळच्या खिडकीत ठेवले आहे. मुंबईहून गोव्याकडे आणि पुढे केरळाकडे जाणारी विमाने आमच्या आभाळातून जातात. रात्री आवाज आला की कन्या फोनवर बघून कोणते ते सांगते. मामा निम्म्याहून अधिक वेळा आधीच सांगून मोकळे झालेले असतात. त्यांचे बरोबर किती येते ते ती एका वहीत लिहून ठेवते, पण मला दाखवत नाही.

डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले तसेच होत आहे. कडेचे दिसणेही कमी झाले आहे. रोज सकाळी चहा येईपर्यंत मामा विमान मांडीवर घेऊन नाकापासून शेपटीपर्यंत नख फिरवतात. मागच्या सांध्यावर त्यांचे नख अजून थांबते. आम्हाला कुणाला तिथे काही लागत नाही.

"हा तुझा," ते म्हणतात.

परवा त्यांनी विचारले, "पुढचा कुठं आहे रे?"

मी त्यांचे बोट धरून पुढच्या सांध्यावर नेऊन ठेवले. त्यांनी नख दोनदा इकडे, दोनदा तिकडे ओढले.

"इथं? नक्की?"

"नक्की मामा. इथंच कापलं होतं आपण."

"मग मला सापडत कसा नाही?" असे म्हणून ते पुन्हा शोधू लागले, आणि तेवढ्यात चहा आला.